अवसेची कालवं

कुंडलिकने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पाठमोरा. पाठ कुंडलिकची, समुद्राची नव्हे. मानखुर्दच्या मामाबरोबर तो सहा डिसेंबरला दादरला रांगेत उभा होता. तोंड चैत्यभूमीकडे, आणि मागे कुणीतरी खर्जात सारखं बडबडतंय एवढंच त्याला कळत होतं. "मामा, मागं काय आहे?" त्याने विचारलं. "समुद्र आहे. पळून नाही जात. आधी पुढं बघ," मामा म्हणाला. मग रांग सरकली, दर्शन झालं, पुस्तकांचे स्टॉल झाले, आणि समुद्र बघायचा राहून गेला.

त्याचं त्याला दुःखही नव्हतं. तो अंबडकडचा. दुष्काळात गावच्या विहिरीचा तळ बघून मुंबईला आलेला. एवढं पाणी एका जागी साठवायचं आणि तेही पिता येणार नाही असं, म्हणजे त्याच्या मते शुद्ध उधळपट्टी होती. आणि मासा म्हणाल तर आठवडी बाजारात पोत्यावर पसरलेलं सुकट, यापलीकडे त्याची मजल नव्हती. जिवंत असताना मासा ओला असतो हे त्याला ऐकून माहीत होतं.

अशा माणसाला जन्माचा मित्र मिळावा तो देवगडचा. यालाच मुंबई म्हणतात.

सहदेवचा बाप गिरणीत होता. सहदेवही गिरणीत लागला आणि संपात गिरणीसकट बाहेर पडला. फिरत फिरत कांदिवलीच्या एका औषधांच्या कंपनीत आला, तर पॅकिंगच्या पट्ट्यावर शेजारी कुंडलिक. सहदेव बाटलीला बूच लावायचा, कुंडलिक लेबल. तीस वर्षं दोघांनी जगाचा खोकला बंद केला. राहायलाही दोघे एकाच चाळीत, आणि चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हा एकाच मजल्यावर. मधे फक्त लिफ्ट.

ओळख झाली ती डब्यावरून. सहदेवची बायको सुलक्षणा खारच्या एका शाळेत आया होती. शाळा सुटली की कधीमधी ती वाट वाकडी करून खारदांड्याला जायची आणि कोळणीकडून कालवं आणायची. दुसऱ्या दिवशी सहदेव डबा उघडायचा तो आख्ख्या खात्याला दिसेल असा. कांद्याखोबऱ्यात माखलेली, करड्या रंगाची, लिबलिबीत अशी ती वस्तू कुंडलिकने पहिल्यांदा पाहिली आणि आपली भाकरी घेऊन बाकावर लांब सरकला.

"काय आहे रे हे?"

"कालवां. दर्यातल्या खडकाक धरून आसतत. घे, चाखून बघ."

"खडकाला काय? मला तर नाकातून आल्यासारखं वाटतंय. शेंबूड आहे हा सरळसरळ."

"घाट्या, तुका काय कळतला! कालव खावक नशीब लागता."

"तुझं नशीब तू खा. मला माझा ठेचा पुरे."

हा संवाद पुढे तीस वर्षं चालला. शब्दही फारसे बदलले नाहीत. सहदेवने डबा पुढे करायचा, कुंडलिकने 'शेंबूड' म्हणायचं, सहदेवने 'घाट्या' म्हणायचं आणि मग दोघांनी जेवायचं. ज्या दिवशी कालवं असायची त्या दिवशी कुंडलिक ठेचा जरा जास्त आणायचा, कारण सहदेवला कालवांबरोबर ठेचा लागायचा. पण हे त्याने कधी कबूल केलं नाही. "बायकोने जास्त बांधला," असं म्हणायचा. त्याची बायको शकु हे ऐकून होती. ती म्हणायची, "बरंय, तुमच्या प्रेमाचा ठेचा मी वाटते."

निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी सुलक्षणा गेली, झोपेत, कुणाला काही न सांगता. त्यानंतर सहदेवच्या घरात कालवं आली नाहीत. मुलगा सुयोग विमानतळावर नोकरीला. त्याच्या ड्युटीची वेळ दर आठवड्याला बदलणारी. लग्न झालेलं नाही. बाप-लेक डाळभात आणि अंडी यांवर जगत होते, आणि शुक्रवारी शकुच्या हातचं मटण.

मग सहदेवचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. तीस वर्षं खोकल्याच्या औषधाला बूच लावणारा माणूस, त्याने खोकल्याचं औषध घेऊन पाहिलं. "कंपनीचं आहे, कसलं लागू पडतंय," कुंडलिक म्हणाला. नंतर गिळताना दुखायला लागलं. नंतर तपासण्या, हॉस्पिटल, रेडिएशनचे शेक. डॉक्टरांनी घशातल्या गाठीचं नाव सांगितलं तेव्हा कुंडलिक तिथे होता आणि त्याने ते नाव पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

गेल्या पौषात सहदेव पेजेवर आला. तीही चमचा चमचा, मधे थांबून, डोळे मिटून. वजन असं उतरलं की शर्ट हँगरला घातल्यासारखा दिसे. डॉक्टरांनी सांगितलं, येत्या बुधवारी नाकातून नळी घालू, म्हणजे पोटात अन्न तरी जाईल. मात्र त्यानंतर तोंडाने काही नाही. थेंबसुद्धा फुप्फुसात उतरायचा.

शनिवारी संध्याकाळी कुंडलिक नेहमीसारखा समोरच्या खुर्चीत बसला होता. सहदेवने त्याला बोटाने जवळ बोलावलं. आवाज कागद चोळल्यासारखा झाला होता.

"रे, माका कालवां खावची वाटतत."

"काय?"

"कालवां. सुलक्षणा करी तशी. दांड्याची. एकदाच. मगे घालूंदेत नळी खंय घालूची ती."

"गिळवेल का तुला?"

"एक बारकाशा. चावून चावून. नायतर नुसतो रस."

कुंडलिकला हसू आलं आणि भडभडूनही आलं. त्यातलं हसू तेवढं त्याने वापरलं. "एवढंच ना? उद्या रविवार आहे. सकाळी जातो, दुपारी तुझ्या ताटात. त्यात काय मोठं!"

त्यात काय मोठं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. भाजी जशी मंडईत रोज येते तसं समुद्रातलंही रोज येत असणार, असा त्याचा सरळ हिशेब. अंबडच्या माणसाने दुसरा हिशेब करायचा तरी कुठल्या अनुभवावर?

रविवारी सकाळी डबा घेऊन तो खारदांड्याला पोचला. गल्लीत दोन्ही बाजूंना सुकत टाकलेले बोंबील, मधे स्कूटर, मांजरं. "कालवं कुठे मिळतात" असं विचारत विचारत तो नीलाबायपर्यंत गेला. नीलाबाय म्हणजे साठीची कोळीण. ओट्यावर बसून जाळ्याची दोरी उलगडत होती. सुलक्षणाने एकदा हिचंच नाव घेतलेलं त्याला आठवत होतं.

"मावशी, कालवं पाहिजेत. ताजी."

नीलाबायने वर बघितलं. मग त्याच्या डब्याकडे बघितलं. "आज? दादा, आज अष्टमी हाय. भांग लागलाय."

"भांग?"

"कुठला रं तू?"

"अंबडचा. जालन्याकडे."

"तरीच," नीलाबाय म्हणाली आणि शेजारणीला हाक मारून हे सांगितलं. शेजारीणही हसली. मग मात्र तिने दोरी खाली ठेवली आणि नीट समजावलं. "अवस-पुनवेला पानी लांब जातं. तवा खालचे खडक उघडे पडतात, त्याच्यावर कालवं. आता भांगात पानी ना धड चढत ना उतरत. खडक पान्याखाली. मी काय बुडी मारू?"

"मग कधी?"

"अवसेला ये. येत्या रविवारी. पहाटं."

"मावशी, बुधवारच्या आत पाहिजेत. माणूस आजारी आहे. बुधवारी नळी घालणार आहेत."

नीलाबायने मान वळवून दर्याकडे पाहिलं. समुद्र गल्लीच्या टोकाशी दिसत होता, सपाट, करडा, काहीच न करता पडलेला. "मला जमलं असतं रं," ती म्हणाली. "दर्याला नाय जमनार."

"बाजारात मिळतील?"

"मिळतील. बर्फातली, नायतर पान्यात घालून फुगवलेली. आजारी मानसाला घालशील? कोनासाठी नेतोस?"

"सुलक्षणा म्हणून यायची तुमच्याकडे. शाळेतली. तिचा नवरा."

"आमची सुलक्षणा?" नीलाबाय म्हणाली. "ती वाटा उचलायच्या आधी हुंगून बघायची. मी शिव्या घालायची तिला, मेली माझ्यावर इश्वास नाय म्हनून. हाय कशी?"

कुंडलिकने मान हलवली. कधी गेली, कशाने गेली, हे नीलाबायने विचारलं नाही. दोरी परत उचलली. "अवसेला ये," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर सहदेवला काय सांगायचं हा प्रश्न होता. कुंडलिकने खरं ते सांगितलं, भांग लागलाय. सहदेवने कपाळावर हात मारून घेतला. "देवगडचो मी, आणि इसारलंय! तिथी बघूकच नाय." मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बराच वेळ बघत राहिला. बुधवार आणि रविवार यांच्या मधे तीन चौकोन होते. कॅलेंडरवर ते बोटभर अंतर दिसतं.

कुंडलिक मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. ज्या माणसाला कॉलीफ्लॉवर निवडून घेता येत नाही तो कालवांच्या मागे उपनगरं पालथी घालू लागला. सोमवारी सुयोगने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "काका, अंधेरीला एका हॉटेलात ऑयस्टर मिळतात. म्हणजे कालवंच." कुंडलिक इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आत इतका अंधार की त्याला वाटलं लाइट गेलेत. वेटरने ताट आणून दाखवलं. बर्फाचा डोंगर, त्यावर उघडे शिंपले, शिंपल्यात ती ओळखीची वस्तू, आणि बाजूला लिंबाची फोड.

"हे कच्चं आहे?"

"येस सर. रॉ."

"शिजवून द्या ना. कांदा-खोबऱ्यात. आणि डब्यात."

वेटर चांगला पोरगा होता, जौनपूरकडचा. तो हसला नाही. "अंकल, ये पकाते नहीं. और पार्सल भी नहीं होता." मग हळूच वाकून म्हणाला, "सच बोलूँ? मैंने भी आज तक नहीं खाया. देख के ही…" त्याने नाकाकडे बोट नेलं. कुंडलिकला एवढ्या मोठ्या मुंबईत आपल्या मताचा दुसरा माणूस भेटल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट त्याला राग आला, त्या पोराचा नव्हे, कुणाचा ते कळेना. "नशीब लागतं बेटा खायला," असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर पडला.

मंगळवारी बोरिवलीला एका मालवणी खानावळीच्या फळ्यावर 'कालवं मसाला' लिहिलेलं सापडलं. पार्सल घेऊन तो रिक्षाने आला, डबा मांडीवर, झाकणावर हात. सहदेवला उशांना टेकवून बसवलं. डबा उघडला. सहदेवने आधी वास घेतला. मग चमच्याच्या टोकावर थोडा रस घेऊन जिभेला लावला, आणि चमचा खाली ठेवला.

"ह्यो वास दर्याचो न्हय, फ्रीजचो."

"अरे पण कालवंच आहेत ना?"

"आसतली. मेलेल्याक दोनदा मारलेली." मग कुंडलिकचं तोंड बघून त्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "तू खा."

"मी? शेंबूड?"

"घाट्या," सहदेव म्हणाला. पण त्याला खोकला आला आणि शब्द अर्धाच राहिला.

त्या संध्याकाळी कुंडलिकने सुयोगला लिफ्टपाशी गाठलं. "नळी सोमवारी घालू म्हणावं डॉक्टरांना. पाच दिवसांनी काय फरक पडतो?"

सुयोग ड्युटीवरून आला होता, गळ्यात अजून ओळखपत्र. "काका, काल दिवसभरात त्यांच्या पोटात अर्धी वाटी पेज गेली. पाच दिवस म्हणजे काय ते तुम्ही सांगा."

"तो मागतोय रे. आयुष्यात काही मागितलं नाही त्याने."

"मला माहीत नाही का ते?" सुयोगचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "आईच्या हातची कालवं मला नको आहेत का? पण कालवासाठी बापाला उपाशी ठेवू? तुम्ही ठेवाल?"

दोघे तसेच उभे राहिले. लिफ्ट आली, उघडली, कुणी आत गेलं नाही म्हणून मिटली. घराचं दार उघडंच होतं. आतून कागद चोळल्यासारखा आवाज आला.

"भांडू नकात. जातंय मी बुधवारी."

दोघे आत गेले तर सहदेव कॅलेंडरकडे बघत होता. "बघ रे कुंडलिक, बुधवारी एकादशी. जल्मात एक उपास करूक नाय मी. सुलक्षणा बोलान बोलान दमली. आता ह्ये एकादशीचो मुहूर्त धरून करून घेतत." तो हसायला लागला. त्या घरात सहदेवच्या आवाजातलं शेवटचं हसणं ते. त्या वेळी कुणाला कळलं नाही आणि तेच बरं झालं.

बुधवारी नळी घातली. गुरुवारपासून आवाज गेला तो गेलाच.

शनिवारी रात्री जेवताना कुंडलिक म्हणाला, "पहाटे दांड्याला जातोय."

शकुने भाकरी तव्यावरच ठेवली. "आता कुणासाठी?"

"आणतो म्हणून सांगितलंय त्याला."

"त्याला खाता येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? आणतो म्हणालो होतो," कुंडलिक म्हणाला आणि ताटातली भाकरी उगाच मोडत बसला. पहाटे त्याच्या डब्याशेजारी एक जुना टॉवेल आणि चहाचा थर्मास होता.

अवसेचा समुद्र वेगळाच होता. म्हणजे नव्हताच. गल्लीच्या टोकाला, जिथे त्या दिवशी पाणी होतं, तिथे काळे खडक उघडे पडले होते, ओले, धूर निघाल्यासारखे, आणि पाणी पार लांब मागे सरून बसलं होतं. नीलाबाय कमरेला पदर खोचून, हातात छोटी कोयती घेऊन उकिडवी बसली होती. तिने नुसतं "आलास?" म्हटलं.

"नळी घातली. खाता येत नाही आता त्याला," कुंडलिकने आधीच सांगून टाकलं.

कोयती क्षणभर थांबली. मग नीलाबायने शेजारच्या खडकाकडे हनुवटीने खूण केली. "चप्पल काढ. शेवाळ हाय. पडलास तर मला उचलवनार नाय."

कुंडलिकला वाटलं होतं कालवं वेचायची असतात, बोरांसारखी. खडकावर तर काहीच दिसत नव्हतं, नुसते पांढरट खपले. त्या खपल्यांवर नीलाबाय कोयतीचं टोक एका ठरावीक जागी टोचायची, टक् करून वरचं झाकण उडायचं, आणि आत ते असायचं, आपल्या चमचाभर पाण्यात. ते पाण्यासकट ती डब्यात ओढून घ्यायची. कुंडलिकने एकदा कोयती मागून घेतली. झाकण उडालं नाही, त्याच्या बोटाची साल उडाली. "आन इकडं," नीलाबाय म्हणाली. "आदी लई असायची. खडक पांढरा दिसायचा. आता कालवांपेक्षा पिशव्या जास्त." डबा भरला तेव्हा लांब गेलेलं पाणी परत यायला निघालं होतं. तिने शेवटचं बजावलं, "पानी टाकू नको त्यातलं. आन घरी एकेक बोटात फिरवून बघ, शिपीची कच ऱ्हाते."

कुंडलिकने वळून समुद्राकडे पाहिलं. चांगला तोंडासमोर, पाठीमागे नव्हे. खडकांच्या फटीतून पाणी हळूहळू वर येत होतं, आत्ताच रिकाम्या केलेल्या शिंपल्यांवर.

सहदेवच्या स्वयंपाकघरात शकु पदर बांधून उभी राहिली. कालवं तिने जन्मात कधी केली नव्हती. पलंगावर सहदेव, नाकाला पांढरी पट्टी, त्यातून वर गेलेली नळी. सुयोग त्याच्या पायाशी. आणि मधल्या दारात कुंडलिक, टपाल नेणारा.

"विचारा, आधी काय घालू?"

सहदेवने हवेत सुरी चालवली.

"कांदा म्हणतो. बारीक."

"वाटण आत्ता की नंतर?"

सहदेवचा हात थांबा म्हणाला. मग हो म्हणाला.

"मीठ किती?"

सहदेव जोरजोरात दोन्ही हात हलवू लागला. मग अंगठा तोंडाकडे नेऊन पाणी प्यायची खूण केली. कुंडलिक घाबरला. "अरे पाणी नाही देता येत तुला!" सहदेवने डोळे वर केले, पुन्हा खूण केली, डब्याकडे बोट दाखवलं. मग सुयोग हळूच म्हणाला, "काका, कालवांचं पाणी. आई मीठ नाही घालायची. त्या पाण्याचंच पुरतं." असं म्हणून तो उठला आणि आत जाऊन आमसुलांची बरणी स्वतः काढून दिली. ती कुठल्या फळीवर असते ते घरात त्यालाच माहीत होतं.

मग वास सुटला. कांदा, खोबरं, आणि खालून हळूच येणारा खडकांचा, ओल्या पहाटेचा. सहदेवने डोळे मिटले. नाकात नळी, तरी नाकपुड्या फुलल्या.

कुंडलिकने वाटी आणली. चमच्यात थोडा रस घेतला आणि सहदेवच्या ओठांपाशी नेला. "जिभेला नुसता लाव. गिळू नको."

सहदेवने ओठ मिटून घेतले. मान नाही म्हणाली. मग त्याने हात उचलला आणि बोट कुंडलिककडे केलं.

"मी?"

बोट हललं नाही.

शकु दारात उभी. सुयोग खाली बघत होता. तीस वर्षं बाकावर लांब सरकलेल्या माणसाला सरकायला आता जागा नव्हती. कुंडलिकने एक कालव चमच्यात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंडात टाकलं.

आधी तिखट लागलं. मग मऊ. मग सगळं तोंड खारट झालं, पण मिठासारखं खारट नव्हे. आणि त्या खारटाच्या मागून कुठूनशी एक गोडी आली, येऊन लगेच निघून गेली. म्हणून दुसरं खावंसं वाटलं. कुंडलिकने डोळे उघडले. सहदेव त्याच्या तोंडाकडे बघत होता, डबा उघडल्यावर बघायचा तसा.

दुसरं तोंडात टाकलं आणि दाताखाली कच् झालं.

शिंपल्याचा तुकडा होता. बोटात फिरवून बघायला तो विसरला होता. आवाज एवढा मोठा की शकुला दारात ऐकू गेला. कुंडलिकने तोंड हलवायचं थांबवलं आणि काही झालंच नाही असा चेहरा केला. त्या चेहऱ्याने आजवर कुणी फसलं नव्हतं, सहदेव तर कधीच नाही. पलंगावर सहदेवचे खांदे हलायला लागले. सुयोग घाबरून उठला, त्याला वाटलं ठसका. पण तो ठसका नव्हता. आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि ओठ एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणताहेत. कुणालाच तो समजावून सांगावा लागला नाही.

"हो. घाट्याच आहे मी," कुंडलिक म्हणाला. आणि तुकडा न काढता, तसाच गिळून, त्याने वाटी संपवली. सहदेवच्या पुढ्यात बसून, शेवटच्या कालवापर्यंत. वाटीचा तळ बोटाने पुसला. सहदेव ते पुरतं बघून झोपला.

पुनव यायच्या आत सहदेव गेला. सुतक संपून चौदाव्या दिवशी घरात तिखटाचं जेवण झालं. देवगडहून आलेल्या नातेवाइकांनी कोळंबी केली, आणि सगळे म्हणाले चांगली झाली. कुंडलिकने थोडी खाल्ली. बेचव नव्हती.

आता बिल्डिंगमध्ये कुणालाही कालवं हवी असली की लोक कुंडलिककडे येतात. तो खुर्चीत बसून एखाद्या मालवणी म्हाताऱ्याच्या थाटात सांगतो. भांगात घेऊ नका. बोरिवलीच्या खानावळीचा फळा वाचून फसू नका. अंधेरीला तर जाऊच नका, अंधारात बसवतात. अवस-पुनव बघून पहाटे दांड्याला जा, नीलाबाय म्हणून आहे, तिला माझं नाव सांगा. मीठ घालू नका. आणि एकेक बोटात फिरवून बघा.

परवा खालच्या मजल्यावरच्या रुचिराने विचारलं, "काका, तुम्हाला एवढं माहीत आहे, म्हणजे तुम्हाला फार आवडत असतील ना?"

"मला? छे!" कुंडलिक म्हणाला. "शेंबूड आहे तो सरळसरळ."

रुचिरा हसली. कुंडलिक मात्र हसला नाही. तो समोरच्या बंद दाराकडे बघत जरासा थांबला, पलीकडून उत्तर यायला वेळ द्यावा तसा.